भोरदऱ्याची कुलपं दिल्लीत

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिल्लीला जायचंय! दिल्लीला! खरं वाटत नाही म्हणून लिहून बघतेय.

दुपारी ग्रामपंचायतीत कुणाचा तरी रहिवासी दाखला छापत होते आणि मोबाईल वाजला. "खासदारांच्या कार्यालयातून हर्षल बोलतोय. भोरदऱ्याचा अर्ज तुम्ही लिहिलाय का?" मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी उभीच राहिले. तर म्हणाले, "ताईंना तो विषय लोकसभेत मांडायचाय. पुढच्या आठवड्यात सरपंचांना घेऊन याल का?"

दाखला प्रिंटरमध्ये अर्धा अडकला तो तिथेच. मी धावत बनुमावशीच्या शेडवर. मावशीच आमच्या सरपंच, त्या गोवऱ्या थापत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिल्ली? आन् शेळ्या कुनाकडं ठिवू?"

विषय नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या म्हातारपणी वाचताना मलाच कोडं पडायला नको. आमच्या गावातली निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला प्रवरा नदीकडं जातात, उन्हाळ्यात परत येतात. मागच्या हिवाळ्यात घरकुलाचं सर्वेक्षण झालं, ते नेमकं तेव्हाच. सर्वेक्षणवाले आले, दाराला कुलूप दिसलं, 'कायमचे स्थलांतरित' असं टाकून पुढे गेले. चाळीसेक कुटुंबं अशी एका दिवसात गावातून नाहीशी झाली. बनुमावशीसुद्धा तेव्हा तोडीवरच होती. पुढे पावसाळ्यात पोटनिवडणूक लागली, जागा बाईची होती, गावानं तिला उभं केलं. त्यामुळे आज अशी परिस्थिती आहे की ती गावची सरपंच आहे आणि सरकारच्या हिशेबानं गावात राहतच नाही.

संध्याकाळी आण्णांना फोन केला. माझे वडील ऊसतोडीचे मुकादम आहेत. गावातली बरीचशी टोळी त्यांचीच, दिवाळीपासून ते टोळीबरोबर प्रवरेकाठी कोल्हारला आहेत. बोलताना मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, "दिल्लीत थंडी लई आसती. स्वेटर घे." बस्स. एवढंच. मुलगी लोकसभेत चाललीय आणि म्हणे स्वेटर घे!

३० नोव्हेंबर, रविवार

हर्षलसाहेबांनी टिपण मागवलंय. काल मी चार पानं लिहिली. सुरुवात स्वातंत्र्यापासून केली होती. ते म्हणाले, "मॅडम, शून्य प्रहरात ताईंना दीड-दोन मिनिटं मिळतात." शून्य प्रहर म्हणजे दुपारी बारा वाजता खासदार आपापल्या भागाचे तातडीचे प्रश्न मांडतात तो वेळ. कॉलेजात नागरिकशास्त्राच्या पेपरात दोन मार्कांना होतं. तेव्हा ते मी सोडून दिलं होतं.

आज एक पान केलं. बनुमावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यात मानूस कुठंय? नुसतं सदर, सदर, सदर." मग मी विचारलं, तू काय बोलली असतीस? ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी म्हनले आसते, ज्याला परत यायचं नसतं त्यो कुलूप कशाला लावंल?"

मी ते तसंच्या तसं लिहून पाठवलं.

३ डिसेंबर, बुधवार, दिल्ली

पोहोचलो! नगरहून गाडीत बसलो तेव्हापासून बनुमावशीनं डब्यातल्या प्रत्येकाला कुठे चाललो ते सांगितलंय. भोपाळच्या एका बाईला तिनं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायला घातली. भाषा दोघींची वेगळी, पण चटणी तिखट आहे यावर दोघींचं एकमत झालं.

खासदारताईंच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत उतरलोय. ताई संध्याकाळी आल्या. टीव्हीत दिसतात त्यापेक्षा ठेंगण्या आहेत. माझं टिपण त्यांच्या हातात होतं आणि त्यावर लाल शाईनं सगळं खोडलेलं. एकच वाक्य शिल्लक होतं, त्याच्याभोवती गोल. बनुमावशीचं.

"हे कोण म्हणालं?"

"म्या," मावशी म्हणाली.

ताई तिच्या शेजारी पलंगावरच बसल्या. "सांगा मला, तुमचं घर कसं आहे?" मावशी सांगत गेली. पत्र्याचं शेड, उन्हाळ्यात पत्रा कसा तापतो, पावसाळ्यात आत दोन ठिकाणी पातेली कशी ठेवावी लागतात. ताईंनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. त्यांच्यासाठी दोन माणसं बाहेर थांबली होती तरी.

हर्षलसाहेब आमच्याच जिल्ह्यातले निघाले, कोल्हारचे! त्यांच्या घरचा ऊस आहे. म्हणाले, "लहानपणी आमच्या बांधाला तुमच्याकडच्या लोकांच्या कोप्या असायच्या, पाचटाच्या झोपड्या. ही माणसं उन्हाळ्यात कुठे जातात, असं कधी मनातच आलं नाही." मग मला दोनदा विचारलं, थंडी वाजते का, शाल देऊ का. कार्यालयातली माणसं इतकी कर्तव्यदक्ष असतात हे माहीत नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

संसद पाहिली. लोकसभेचा गालिचा हिरवा आहे, पाऊस पडून गेल्यावरच्या आमच्या गायरानापेक्षा हिरवा. मी वरून बघतच राहिले.

आत जाण्याआधी सगळं काढून घेतलं. मोबाईल, पर्स, पेन, मावशीची मिश्रीची डबी. मिश्रीच्या डबीचा वास घेऊन तो शिपाई शिंकला. मग सूचना. दर्शक दीर्घेत बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, पुढे वाकायचं नाही, पायावर पाय नाही, उभं राहायचं नाही. मावशी म्हणाली, "म्हंजी नव्या सुनंनं सासऱ्याम्होरं बसावं तसं."

बारा वाजायला आले. कुणाला बोलायला मिळणार त्याच्या चिठ्ठ्या काढतात, त्यात ताईंचं नाव निघालं होतं. त्या खाली कागद हातात घेऊन बसलेल्या दिसत होत्या. आणि तेवढ्यात कशावरून तरी गोंधळ सुरू झाला. काही सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत आले, फलक वर झाले, सगळे एकाच वेळी बोलायला लागले. अध्यक्ष उभे राहून सांगत होते, बसा, बसा. कोणी बसेना. कामकाज तहकूब. ताईंनी कागद घडी करून ठेवला. झालं.

मला बाहेर येऊन रडूच फुटलं. मावशी मात्र शांत. "रडती कशाला? आपल्या ग्रामसभंला मानसंच जमत न्हाईत. हितं जमली तर बसंनात. उद्या बसतील."

हर्षलसाहेबांनी धावपळ करून उद्याचे पास काढले. विषयही पुन्हा दिलाय. नाव निघालं पाहिजे.

५ डिसेंबर, शुक्रवार

झालं! झालं! झालं!

क्रमानं लिहिते.

आज सभागृह शांत होतं. एकेक नाव पुकारलं जात होतं. कुणाच्या रेल्वेचा थांबा, कुणाच्या नदीवरचा पूल, कुणाच्या शहरातलं पाणी. मला वाटलं होतं, संसदेत फक्त मोठ्या गोष्टी बोलतात. इथे तर सगळा देश आमच्या ग्रामपंचायतीच्या बाकावर येऊन बसतो तसा बसला होता, आपापलं गाऱ्हाणं घेऊन.

मग ताईंचं नाव आलं. त्या मराठीत बोलल्या! आणि आमच्या गावाचं नाव घेतलं. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात पाथर्डी तालुक्यात भोरदरा नावाचं गाव आहे." भोरदरा! ज्या गावाचा फलक हमरस्त्यावर नाही, बस थांबवायला ज्याचं नाव कंडक्टरला दोनदा सांगावं लागतं, ते गाव त्या उंच छताखाली घुमलं.

त्या म्हणाल्या, "हे लोक साखरेसाठी ऊस तोडायला घर सोडून जातात. आपल्या चहात त्यांच्या हातचा गोडवा आहे. त्यांच्या दाराला कुलूप दिसलं म्हणून आपण लिहिलं, ते गावात राहत नाहीत. महोदय, त्या गावच्या सरपंच बनुबाई मला म्हणाल्या, ज्याला परत यायचं नसतं तो कुलूप कशाला लावेल?"

आणि मावशी उभी राहिली.

मी तिचा पदर ओढला, पण ती उभीच. हात जोडलेले, ताठ. खाली दोन-तीन सदस्यांनी वर पाहिलं. लगेच दोन सुरक्षा कर्मचारी आले आणि आम्हाला दोघींना बाहेर घेऊन गेले. अगदी अदबीनं, पण बाहेर. मी गयावया करत होते. त्यांच्यातली एक हरियाणाची बाई होती, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मावशीला पाणी दिलं.

"मावशी, सांगितलं होतं ना उभं राहायचं नाही?"

"माजं नाव घेतलं," मावशी म्हणाली. "हजेरीत नाव घेतलं तर मानसानं उभं ऱ्हावं का न्हाई?"

त्यामुळे पुढचं आम्ही ऐकलंच नाही. अर्ध्या तासानं हर्षलसाहेब धावत आले. धावत! टाय खांद्यावर उडालेला. "मंत्री उठले! शून्य प्रहरात उत्तर द्यायला लागत नाही, तरी उठले! हंगामी स्थलांतरामुळे राहून गेलेल्या कुटुंबांची पुन्हा पाहणी करायला राज्याला कळवतो म्हणाले!" मी आणि मावशी तिथे हिरवळीवरच फुगडी घालणार होतो. तिलाही मनाई असेल म्हणून घातली नाही.

८ डिसेंबर, सोमवार

घरी. जवळच्या तिसगावात उतरलो तर ग्रामसेवक भाऊसाहेब हार घेऊन उभे. राहिलेली म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, सगळे जमले होते. ताईंच्या भाषणाचा व्हिडिओ प्रत्येक मोबाईलवर फिरतोय.

आण्णांना पाठवला होता. फोनवर विचारलं, पाहिला का? म्हणाले, "रेंज न्हाई हितं. बघू कवा तरी." मला वाईट वाटलं. पण रात्रीचं जेवण झाल्यावर आई हसत होती. म्हणाली, "तुज्या आण्णाचं चार्जिंग दिसातून तीनदा संपतंय म्हनं. कोन जानं काय बघतोय त्यो मोबाईलमंदी." मुकादमांचे ते ग्रुप असतात, दिवसभर ऊस आणि गाड्यांचे फोटो. त्यातच असतील.

१३ डिसेंबर, शनिवार

आदेश आला! पंचायत समितीतून भाऊसाहेबांना फोन, मागोमाग कागद. राहून गेलेल्या कुटुंबांची नोंद पुन्हा होणार, वीस ते एकतीस डिसेंबर. मी ग्रामपंचायतीत एकटीच होते तरी मोठ्यानं ओरडले. भिंतीवरची पाल पळून गेली.

पळत मावशीकडे. कागद वाचला. कुटुंबप्रमुख स्वतः घरासमोर हजर पाहिजे, ॲपवर त्याच्या चेहऱ्याची पडताळणी होईल, घराचा फोटो जागेवरूनच निघेल.

मावशी म्हणाली, "कवा म्हनलीस?"

"एकतीस डिसेंबरपर्यंत."

"आन् डिसेंबरात गावात कोन आसतं?"

मी खालीच बसले. इतका आनंद झाला होता की महिना कोणता ते मी पाहिलंच नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार

भाऊसाहेब तालुक्याला जाऊन आले. आमचं म्हणणं होतं, नोंद करणाऱ्यांनीच कोल्हारला कोप्यांवर यावं. ते म्हणाले, तिथून घराचा फोटो कसा निघणार? ॲप घेतच नाही. तेही बरोबर. हर्षलसाहेबांनी ताईंच्या वतीनं मुदतवाढीचं पत्र टाकलंय, पण शाश्वती नाही म्हणाले. त्यांचा हल्ली रोज फोन येतो, पाठपुराव्यासाठी. आज मुदतवाढीचं बोलून झाल्यावर मला कोणती पुस्तकं आवडतात ते विचारलं. बहुधा तेही कुठेतरी नोंदवायचं असेल.

एकच मार्ग उरलाय. सगळी टोळी एका दिवसासाठी गावात आणायची.

आण्णांना फोन केला. पहिल्यांदाच भांडलो आम्ही.

"एक दिस टोळी थांबली तर कारखाना माझी मान धरतो, रोहिनी. गाड्या रिकाम्या गेल्या तर उसाचा फड दुसऱ्या टोळीला जातो. तुला बोलाया काय जातं?"

"आण्णा, ही तुमचीच माणसं आहेत!"

"म्हनून तर," म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणून तर काय? म्हणून तर राबवायचं?

१८ डिसेंबर, गुरुवार

आण्णा काल एका रात्रीसाठी घरी आले. मी बोललेच नाही. तेच मध्येमध्ये विचारत राहिले. ते ॲप काय आसतं? एका मान्साला किती टाईम लागतो? ऊन पायजे का सावलीत चालतं? नवरा-बायको दोगं लागत्यात का एक? मी त्रोटक उत्तरं दिली. टिंगल करायची असेल तर करोत.

आज सकाळी जाताना गावाच्या तोंडाशी, शाळेच्या मैदानाजवळ बराच वेळ उभे होते. ट्रक वळवायला जागा बघतात तसे पावलं टाकत होते. शेतमाल भरायचा असेल कुणाचा.

आईनं बाजरीचं पोतं दळून आणलंय. एवढं कशाला म्हटलं तर म्हणे, "थंडीत लागतं." आम्ही दोघी किती खाणार!

२१ डिसेंबर, रविवार

मावशी आणि मी कोल्हारला जाऊन आलो. माणसांशी थेट बोलायचं, असं ठरवून.

मुकादमाची पोरगी असून मी फडात कधी नीट गेलेच नव्हते. आण्णांनी मला शाळेपासून कधी तोडीवर नेलं नाही. नदीच्या अलीकडे, उसाच्या पाचटाच्या कोप्या एका ओळीत. आत जाताना मला कमरेत वाकावं लागलं. सविता माझ्या वर्गात होती, सातवीपर्यंत. तिचं बाळ कोपीत साडीच्या झोळीत झोपलेलं. ती ऊस बांधत होती. मी सगळ्यांना सांगितलं, एक दिवस या, फक्त एक दिवस. कोयते थांबले. सगळी आण्णांकडं बघायला लागली. भिमाजीकाका म्हणाले, "मुकादम म्हनतील तसं, बाई."

आणि मुकादम काय म्हणाले? "जा तू घरी. उगा काम खोळंबतंय."

त्याहून वाईट म्हणजे, सविता सांगत होती, आठवडा झाला आण्णा टोळीला झाकड पडेपर्यंत, पार अंधार होईस्तोवर थांबवतात, रोज एक खेप जास्त काढतात. बाया दमल्यात. मी आण्णांना सगळ्यांसमोर म्हटलं, "ह्यांना घर मिळू नये असंच वाटतं तुम्हाला. घर झालं तर तोडीला कोण येईल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिमट्यानं धरल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. बरं झालं, लागायलाच हवं होतं.

मावशी नंतर ट्रकच्या आडोशाला त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती. येताना मात्र एकदम खुशीत. विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, शेळ्यांच्या भावाचं बोलत हुतो." मावशीनं हात टेकले असावेत. मी नाही टेकणार. ताईंना पुन्हा लिहिते.

२५ डिसेंबर, गुरुवार

मुदतवाढ नाही.

भाऊसाहेब उगाचच सांगून गेले की शनिवारी ते आणि तालुक्याची दोन माणसं तीन मोबाईल घेऊन गावात असतील. कुणासाठी? रिकाम्या घरांचे फोटो काढायला?

२७ डिसेंबर, शनिवार

किती लिहू? कुठून लिहू?

पहाटे आईनं हलवून उठवलं. "ऊठ, आंगन झाड, मानसं यायलीत." मला वाटलं, पाहुणे. बाहेर आले तर उजाडत होतं आणि खालच्या वळणावरून दिवे येत होते. एक ट्रक. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा. आणि माणसं! ट्रकच्या फाळक्याला धरून उभी, गोधड्या गुंडाळलेली, पोरं खांद्यावर, बाया ओव्या म्हणत, कुणीतरी उगाचच शिट्टी मारतंय. पहिल्या ट्रकच्या केबिनमधून आण्णा उतरले. अंगात तोच जुना स्वेटर, डोळे लाल.

"कुठं उभी करायची लाईन?" म्हणाले. "सावलीत चालतं म्हनलीस ना?"

भिमाजीकाका जवळून जाताना म्हणाले, "धा दिस झालं, एक-एक खेप जादा काढली मुकादमानं. आजच्यासाठी. तुला सांगू नका म्हनले हुते. जमलं न्हाई तर पोरीचा हिरमोड व्हईल म्हनं."

हे लिहिताना पुन्हा रडू येतंय. पण आज रडायचा दिवस नव्हता!

डिसेंबरात आमचं गाव कधी पाहिलंय का कुणी भरलेलं? मी तरी नाही. चाळीस घरांची दारं उघडली. गंजलेली कुलपं दगडानं ठोकून काढली. बायांनी आत जाऊन आधी झाडू घेतला, फोटो निघणार म्हणून. भाऊसाहेब ओरडत होते, "अहो, घर चांगलं दिसायला नको, खरं दिसायला पाहिजे!" कुणी ऐकेना. सविता तर कुडाच्या भिंतीला शेण-मातीचा हात फिरवायला लागली. आमच्या ओट्यावर पाच बाया भाकरी थापत होत्या. बाजरीचं पोतं दुपारपर्यंत संपलं.

ॲपची गंमत वेगळीच. चेहरा दाखवल्यावर ते सांगतं, डोळे मिचकावा. राहीबाई आजींना किती सांगितलं तरी त्या टक लावूनच बघत होत्या. भाऊसाहेब म्हणाले, "आजी, मोबाईलकडं बघून डोळा मिटा-उघडा." आजी भडकल्या, "ह्या वयात डोळा मारू व्हय रं कुनाला?" सगळी रांग हसली, हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, डोळे मिटले आणि मोबाईलवर हिरवी खूण आली!

दुपारी रेंज गेली. नोंदी भरलेल्या, वर जाईनात. तेवढ्यात हर्षलसाहेब मोटरसायकलवर हजर! म्हणाले, याच बाजूनं चाललो होतो. कोल्हारहून तिसगाव, आणि तिथून आमच्या वाटेला, कुठे जाताना लागतं देव जाणे. त्यांच्या मोबाईलची कंपनी वेगळी होती, तिची रेंज टाकीवर येत होती. मी आणि ते पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून बसलो आणि एकेक नोंद वर जाताना पाहिली. प्रत्येक खूण आली की मी खाली ओरडायची, "गेली!" आणि खालून सगळं गाव ओरडायचं, "गेलीऽऽ!" शेवटी शेवटी हर्षलसुद्धा ओरडत होते. (साहेब म्हणू नका म्हणाले.)

शेवटचं नाव बनुमावशीचं. ती शेडच्या दारात उभी राहिली, पदर नीट केला. दोन्ही हात जोडले, लोकसभेत जोडले होते तसेच. भाऊसाहेब म्हणाले, "सरपंच, हात खाली चालतील." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घराचा फोटू हाय."

दिवस कलल्यावर ट्रक निघाले. पोरं उतरायला तयार नव्हती, म्हणजे ट्रकमधून नाही, झाडांवरून. आण्णांना गाठायला मी धावले. माफी मागायची होती. ते केबिनमध्ये बसले होते. म्हणाले, "भाकर खाल्ली का तू?" आणि गाडी सुरू झाली.

३१ डिसेंबर, बुधवार, कोल्हार

भाऊसाहेबांचा सकाळी फोन, सगळ्या नोंदी तालुक्यानं तपासल्या, एकही परत आली नाही. घरं अजून मिळालेली नाहीत, माहीत आहे. मंजुरी, हप्ते, अजून बरंच आहे. पण चाळीस कुटुंबं आता सरकारच्या हिशेबानं भोरदऱ्यात राहतात. फोनवर कसं सांगू? पहिली बस धरली आणि कोल्हारला आले.

टोळी आधीच्या फडात नव्हती. विचारत विचारत गेले. नदीच्या काठचा, पाणी साचलेला, ऊस आडवा पडलेला फड. भिमाजीकाकांनी सांगितलं, कारखान्यानं आदल्या दिवसांच्या जादा खेपा जमा धरल्या नाहीत. शनिवारच्या गाड्या कमी पडल्या म्हणून चांगला फड दुसऱ्या टोळीला गेला आणि हा गळ्यात पडला. आडवा ऊस तोडायला दुप्पट वेळ लागतो. आणि आण्णा कुठे आहेत विचारलं, तर त्यांनी कोयत्यानंच उसात दाखवलं.

आण्णा ऊस तोडत होते. धोतर वर खोचलेलं, पाय चिखलात, हातात कोयता. मी त्यांना कोयता धरलेलं लहानपणापासून पाहिलेलं नाही. मुकादम कधी तोडत नाही. बाकीचे त्यांना बस म्हणत होते, ते बसत नव्हते. "बायांनी धा दिस जादा केलंय. आता माजी पाळी."

मी बातमी सांगितली. त्यांनी मान हलवली, कोयता चालूच. मग मीही पदर खोचला आणि तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायला लागले. त्यांनी एकदा नको म्हटलं. दुसऱ्यांदा नाही. सवितानं मोळी कशी आवळायची ते दाखवलं. माझ्या सुटायच्या, ती हसायची, पुन्हा बांधायची. आम्ही सातवीत होतो तसं वाटलं. गाडी भरेपर्यंत मी काम केलं.

आता सविताच्या कोपीसमोर बसून लिहितेय. पाचटाच्या पात्यांनी दोन्ही हात चिरलेत, अक्षर वाकडं येतंय. आण्णा शेजारी चुलीजवळ बसलेत, गूळ-चहाचा कप घेऊन.

"रोज लिहितीस म्हनं कायबाय. तुजी आई सांगत हुती."

"हो."

"हे बी लिव्हनार?"

"हो."

"लिही. पर माजं नाव नको घालू त्यात. मुकादम हाय मी."

माझे आण्णा, वाल्मिक किसन पालवे, राहणार भोरदरा.